सुटा डायफ्राम मिळेल का?

आखाजी, म्हणजे आमच्या खान्देशातली अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती. त्या दिवसांत जळगावचं ऊन सकाळी दहालाच डोक्यात शिरतं आणि दुपारी रस्ते ओस पडतात. साऊंड दुरुस्तीच्या गल्लीत मात्र पाय ठेवायला जागा नसते. लग्नाच्या दाट तिथी, त्यात आखाजीचा मुहूर्त, त्यामुळे गावोगावच्या डीजेवाल्यांचं जळकं, फाटकं, आवाज घोगरा झालेलं सगळं सामान एकदमच इथे येऊन पडतं. माझ्या जुन्या स्पीकरच्या जोडीचं काम उरकायची वाट बघत मी आप्पांच्या दुकानात बसलो होतो. यावलकडचा एक तरुण आत आला. टॉवेलात गुंडाळलेली दोन हाय युनिटं, म्हणजे बारीक सूर काढणारे स्पीकरचे भाग, त्याने काउंटरवर ठेवली आणि घाम पुसत उभा राहिला. आप्पांनी मागचे स्क्रू काढले, डायफ्राम, म्हणजे थरथरून आवाज काढणारा पडदा, अलगद उचलला आणि दारातल्या उजेडात धरला. टायटॅनियमच्या त्या पातळ घुमटाला कडेशी केसासारखी चीर गेली होती. आप्पांनी तो परत ठेवला. "याना डायफ्राम आते येत नही भाऊ. आख्खं युनिट लेनं पडी." पोराने विचारलं, काबरं? आप्पा म्हणाले, "कंपनी इकी टाकी त्यासनी."

घरातलं कुणी गेल्याची बातमी सांगावी त्या आवाजात ते बोलले.

पोराची हळद दुसऱ्या दिवशी वाजणार होती. तो थोडा वेळ गप्प उभा राहिला, मग युनिटं पुन्हा टॉवेलात गुंडाळून निघून गेला. ते युनिट करणारी कंपनी कुठल्याशा दूरच्या देशातली, लहानशी, हयातभर तेवढं एकच काम करत आलेली. तिला कोणा मोठ्याने घेतलं. नाव तेच राहिलं, युनिटही येत राहिलं, फक्त दरपत्रकातून सुटा डायफ्राम तेवढा गेला. हजार-दीड हजारात होणाऱ्या कामाला आता कितीतरी पट पैसे मोजायचे. व्यापारी पानांवर अशा बातम्या मी पुष्कळ वाचल्या आहेत. अमक्याने तमक्याला घेतलं, इतके कोटी डॉलर, भागधारकांना आनंद. त्या बातमीचं दुसरं टोक यावल तालुक्यातल्या एका हळदीच्या मांडवात येऊन टेकतं, हे त्या दुपारी डोळ्यांसमोर घडलं आणि ते मनातून जाईना.

आप्पा मूळचे पारोळ्याकडचे. दुकान म्हणजे एक अरुंद खोली, मागे पोटमाळा. आत शिरताच पहिल्यांदा जाणवतो तो वास. जळालेल्या व्हॉइस कॉइलचा, म्हणजे तांब्याच्या तारेवरचं वार्निश आणि खालचा डिंक एकत्र करपल्याचा, घशात उतरणारा कडवट वास. त्यावर थिनरचा, रबर सोल्युशनचा आणि गरम सोल्डरचा थर. मला तो आवडतो. कुणी फाटका स्पीकर आणला की आप्पा आधी पाण्यासारख्या पातळ पात्याने जुना कोन, म्हणजे स्पीकरचा समोरचा पडदा, कडेकडेने कापतात, जळकी कॉइल उपसून काढतात आणि मग लोहचुंबकाची फट साफ करायला बसतात. ही फट म्हणजे जेमतेम एक-दोन मिलिमीटरची गोल खाच. तिच्यात लोखंडाचा कीस अडकला असेल तर नवी कॉइल पहिल्याच रात्री घासून मरते. चिकटपट्टी दुमडून ते ती फटीत फिरवतात, बाहेर काढून बघतात, पुन्हा फिरवतात. नवी कॉइल बरोबर मध्यावर बसावी म्हणून तिच्या आत जुन्या एक्स-रे फिल्मच्या पट्ट्या खोवतात. कोणाच्या तरी बरगड्यांच्या, मनगटांच्या त्या निळसर काळ्या पट्ट्या. डिंक रात्रभर वाळतो. सकाळी पट्ट्या ओढून काढल्या की कॉइल हवेत तरंगायला मोकळी. मग आप्पा दोन्ही हातांची बोटं कोनावर ठेवून तो हलकेच आत दाबतात आणि कान जवळ नेतात. खरखर आली नाही की त्यांचा चेहरा सैलावतो.

कोनाच्या मागे, कॉइलला चारी बाजूंनी धरून ठेवणारी, वळ्यावळ्यांची एक पिवळट तपकिरी चकती असते. तिला स्पायडर म्हणतात. ती बहुतेक वेळा सुती कापडाची असते, फिनॉलिक रेझिनमध्ये भिजवून साच्यात गरम दाबलेली. हे मला आप्पांनीच दाखवलं. एका मोडक्या स्पायडरची कड चुरगाळली तर आतून धागे सुटले. कापसाच्या मुलखात राहून, जिनिंगच्या हंगामात ॲम्प्लिफायरच्या पंख्यांत अडकलेली रुई उपसत आयुष्य काढून, आवाजाचा तोल शेवटी कापसाच्याच एका चकतीवर सांभाळला जातो याचं त्यांना भारी समाधान वाटतं. मलाही वाटलं.

माझ्या लहानपणी गावात आवाज म्हणजे भोंगा. लिंबाच्या झाडावर बांधलेला, तोंड पूर्वेला, त्यातून पहाटे सुरू झालेली गाणी शेतापर्यंत यायची. त्या भोंग्याच्या बुडाशीही एक युनिट असायचं आणि त्याचा डायफ्राम गेला की मांडववाला तालुक्याला जाऊन नवा आणायचा, दुपारपर्यंत भोंगा परत सुरू. दिल्लीची अहुजा कंपनी १९४० पासून हे सामान करते, अजूनही करते आणि त्यांच्या युनिटचे डायफ्राम आमच्याकडच्या दुकानांत पुडीत बांधलेले मिळतात. त्या काळात हे काही विशेष वाटण्यासारखं नव्हतं. मिळतं म्हणजे मिळतं.

पुढे आमच्या थोरल्या चुलतभावाने, त्याला सगळे दादाच म्हणत, घरी ॲम्प्लिफायर जोडला. सान्यो या जपानी कंपनीचा एलए ४४४० नावाचा आयसी, म्हणजे चिप, चौदा पायांचा, एका हिरव्या प्लेटवर. दोन बाजूंना सहा-सहा वॅट, किंवा दोन्ही बाजू एकत्र, म्हणजे ब्रिज करून जोडल्या तर एकोणीस. बारा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, ॲल्युमिनियमचा जाड पत्रा उष्णता घ्यायला, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात सगळं बसवलेलं. कानबाईच्या रात्री, रोटांचा वास घरभर असताना, दादाने तो पहिल्यांदा लावला. सुरुवातीला नुसती घूं अशी गुणगुण आली, मग ती विरली आणि टेपमधल्या गाण्याचा ढोलक माझ्या छातीला लागला. पत्र्यावर हात ठेवला तर चटका बसत होता. आजीने देवीसमोरून हाक मारली, "जरा हळू लाव रे बापू," आणि तिचा आवाजही आनंदी होता. खान्देशातल्या कितीतरी घरांत, रिक्षांत, पिठाच्या गिरण्यांत असे ४४४० वाजले असतील. दादाला सान्यो कुठे आहे, कोणाची आहे, याच्याशी देणंघेणं नव्हतं. भुसावळच्या दुकानात एक आयसी सुटा विकत मिळत होता, त्याच्यासोबत कागदावर छापलेलं सर्किट मिळत होतं, एवढ्यावर त्याचं काम भागलं.

सान्यो २००९ च्या अखेरीस पॅनासॉनिकच्या ताब्यात गेली आणि तिचा सेमीकंडक्टर विभाग जानेवारी २०११ मध्ये अमेरिकेच्या ऑन सेमीकंडक्टरकडे. याच सुमारास ध्वनीच्या चिप करणाऱ्या बाकीच्या घरांचंही असंच झालं. ॲरिझोनातल्या टुसॉनची बर-ब्राऊन २००० सालीच टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने घेतली होती, नॅशनल सेमीकंडक्टर २०११ मध्ये घेतली, एडिनबराची वोल्फसन २०१४ मध्ये सिरस लॉजिकने. ४४४० मात्र आजही गल्लीत मिळतो. त्यातले पुष्कळसे दुसऱ्याच कोणी घडवलेले, वर जुनंच नाव कोरलेले. आप्पा ते हातात घेऊन वजनावरून आणि छपाईवरून ओळखतात. एखादा सुटा भाग लोकांच्या इतका अंगवळणी पडला की करणारा उठून गेला तरी बाजार त्याला मरू देत नाही, नक्कल करून का होईना पुढे चालवतो. त्या नकलेने कितीतरी स्पीकर जाळले आहेत, हेही तितकंच खरं.

माझे वडील घरच्या कापसाची सरकी पुढच्या वर्षासाठी राखायचे. मग संकरित आलं, २००२ साली बीटीला परवानगी मिळाली आणि दर मृगाला पाकीट आणणं आलं. पीक वाढलं, त्याबद्दल वडिलांची तक्रार नव्हती. पण कणगीत हात घालून मूठभर सरकी काढायची आणि पेरायची ही जी मोकळीक होती, ती गेली. आप्पांच्या काउंटरवर त्या दिवशी जे गेलं ते मला याच जातीचं वाटतं.

खान्देशात आज सगळ्यात जास्त दिसणारं परदेशी नाव कुठलं असेल, तर जेबीएल. डीजेच्या पिकअपवर, रिक्षाच्या मागच्या काचेवर, पानटपरीच्या डब्यावर, खरं-खोटं मिळून सगळीकडे. या तीन अक्षरांमागे एक माणूस आहे, जेम्स बुलो लान्सिंग, आणि त्याची गोष्ट मला आप्पांच्या दुकानात बसून सांगावीशी वाटते, कारण तिथेच ती नीट कळेल. लान्सिंग हा हाताने स्पीकर घडवणारा माणूस. १९२७ साली त्याने कॅलिफोर्नियात लान्सिंग मॅन्युफॅक्चरिंग काढली, बोलपटांच्या थिएटरांना त्याचे स्पीकर लागले. व्यवहार बघणारा भागीदार १९३९ मध्ये विमान अपघातात गेला, कंपनी डबघाईला आली आणि १९४१ मध्ये आल्टेक या कंपनीने ती विकत घेतली. लान्सिंग काही वर्षं तिथे नोकरीत राहिला. १९४६ मध्ये बाहेर पडून त्याने पुन्हा स्वतःचं दुकान मांडलं, तेव्हा लान्सिंग हे नाव वापरायलाच नव्या मालकाची हरकत आली. स्वतःचंच नाव विकलं गेलेलं होतं. म्हणून मग जेम्स बी. लान्सिंग असं लांबवलेलं नाव, आणि पुढे त्याची आद्याक्षरं. या काळात त्याने केलेला डी १३० हा पंधरा इंची स्पीकर चार इंची कॉइलचा होता, चपटी तार उभी गुंडाळलेली. आप्पांनी त्याचा फोटो माझ्या फोनवर मोठा करून बघितला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. १९४९ मध्ये, कर्जात बुडालेल्या अवस्थेत, लान्सिंगने आत्महत्या केली. त्याच्या विम्याच्या पैशांवर कंपनी तगली.

ती पुढे १९६९ मध्ये सिडनी हार्मन यांच्या जर्व्हिस कॉर्पोरेशनकडे गेली. सत्तरच्या दशकाच्या अखेरीला हार्मन अमेरिकी सरकारात पदावर गेले तेव्हा सगळा कारभार बिॲट्रिस फूड्स या खाद्यपदार्थांच्या कंपनीला विकला गेला आणि १९८० मध्ये त्यांनी तो परत विकत घेतला. २०१७ मध्ये सॅमसंगने हार्मन आठ अब्ज डॉलरला घेतली. इतक्या हातांतून गेलेली ही तीन अक्षरं. तरी मी जेबीएलचा द्वेष करू शकत नाही. विकलं गेल्यामुळेच लान्सिंगचं काम टिकलं, जगभर पोचलं, आमच्या पिकअपपर्यंत आलं. तो एकटा राहिला असता तर डी १३० बहुधा त्याच्याबरोबरच संपला असता.

माझं मन इथे दोन्हीकडे ओढलं जातं.

पण सगळे विकत घेणारे आवाजाशी नातं असलेले नसतात. कोविडच्या दुसऱ्या लाटेत आमच्याकडे घरोघरी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले, त्याच तंत्रातली रुग्णालयांसाठीची नावाजलेली कंपनी म्हणजे मॅसिमो. तिने २०२२ मध्ये डेनॉन, मरांट्झ आणि बॉवर्स ॲंड विल्किन्स ही नावं ज्या साऊंड युनायटेडकडे होती ती सुमारे एक अब्ज डॉलरला घेतली. भागधारक हबकले, शेअर एका दिवसात कोसळला. बॉवर्स ॲंड विल्किन्स म्हणजे १९६६ साली इंग्लंडच्या वर्दिंगमध्ये दोन मित्रांनी सुरू केलेलं घर, ॲबी रोड स्टुडिओत ज्यांचे स्पीकर ऐकून ध्वनिमुद्रणं पक्की केली जातात ते. २०१६ मध्ये ते सिलिकॉन व्हॅलीतल्या एका नवख्या कंपनीकडे गेलं, २०२० मध्ये साऊंड युनायटेडकडे, २०२२ मध्ये मॅसिमोकडे आणि २०२५ मध्ये पस्तीस कोटी डॉलरला हार्मनकडे, म्हणजे सॅमसंगकडे. दहा वर्षांच्या आत चार मालक. त्या वर्दिंगच्या कारखान्यात कोन बसवणारा एखादा कारागीर असेल, त्याने या काळात काम तेच केलं असणार, तोच डिंक, तीच फट. पगाराच्या चिठ्ठीवरचं नाव तेवढं बदलत गेलं. २०२४ मध्ये बोसने ॲम्प्लिफायर करणारी मॅकिंटॉश घेतली, १९४९ पासूनची, निळ्या उजेडाच्या मीटरची. ही सगळी महागड्या दिवाणखान्यांची नावं आहेत, आमच्या गल्लीत ती कधी येत नाहीत. मी ती वाचतो, कारण वर जे घडतं ते खाली यायला फार वेळ लागत नाही.

व्हिएन्नाची एकेजी मला जास्त जवळची. १९४७ साली युद्धाने मोडलेल्या शहरात सुरू झालेली, मायक्रोफोन करणारी. तिचा सी १२ हा १९५३ चा, त्याच्यातली पितळी कॅप्सूल, म्हणजे आवाज पकडणारा गाभा, हे त्या घरातलं खरं धन. ती कॅप्सूल फक्त त्यांनी स्वतःपुरती ठेवली नाही, टेलिफंकनच्या नावाने जो प्रसिद्ध ईएलए एम २५१ आला तोही एकेजीनेच करून दिलेला. नव्वदच्या दशकात एकेजी हार्मनकडे गेली आणि २०१७ मध्ये, सॅमसंगचा व्यवहार झाला त्याच वर्षी, व्हिएन्नाचं दुकान बंद झालं. तिथल्या काही जुन्या माणसांनी त्याच वर्षी ऑस्ट्रियन ऑडिओ काढली आणि जुन्या कॅप्सूलच्या वळणावर नवी घडवली, या खेपेला सिरॅमिकची. आज अहिराणी गाण्यांसाठी आमच्याकडे गल्लीबोळांत छोटे स्टुडिओ आहेत, अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवलेले. तिथे माइकवर हातरुमाल टाकून उभी राहणारी गायिका या सगळ्यापासून फार लांब आहे. तरी तिच्या तोंडचा श्वास पकडणारी पातळ चकती कोणत्या तरी घरात, कोणत्या तरी माणसाने ताणून बसवलेली असते. ते घर बंद झालं म्हणजे ताणायचं माप कोणाकडे राहतं? व्हिएन्नात ते माणसांच्या हातांत राहिलं आणि हात बाहेर पडून पुन्हा एकत्र आले. असं दरवेळी होत नाही.

पुण्याचा उल्लेख केल्याशिवाय हे पुरं होणार नाही. एसएमई ही कंपनी इंग्लंडच्या ससेक्समधली, १९४६ सालची. आधी छोटी मॉडेलं आणि सुटे भाग करायची, मग १९५९ मध्ये तिने रेकॉर्ड प्लेयरचा टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा हात, केला. तो इतका नेमका उतरला की जगातल्या अनेक टर्नटेबलवाल्यांनी स्वतःचा हात करायचं सोडून एसएमईचाच बसवला. सुईचं डोकं फिरवून काढता यावं म्हणून तिने जी जोडणी ठरवली, ती जपानी कंपन्यांनीही उचलली. टेक्निक्सच्या एसएल १२०० या टर्नटेबलला आजही तीच जोडणी आहे. २०१६ मध्ये पुण्याशी नातं असलेल्या केडन्स समूहाने एसएमई घेतली. मला ती बातमी वाचून आनंद झाला होता. आपल्याकडच्या कोणाला तरी त्या कामाची किंमत कळली, असं वाटलं. २०१८ मध्ये त्यांनी गॅरार्ड हे टर्नटेबलचं नावही आणलं. गॅरार्डची ३०१ ही १९५४ ची, आणि तिची मजा अशी की ती नुसतीच मोटर म्हणून विकली जायची. लाकडाची चौकट तुमची, हात तुमच्या पसंतीचा. कितीतरी शौकिनांनी सुताराकडून चौकट करून घेऊन तिच्यावर एसएमईचा हात बसवला.

डिसेंबर २०१९ मध्ये एसएमईने सुटे टोनआर्म विकणं थांबवलं. हात हवा असेल तर त्यांचं अख्खं टर्नटेबल घ्या. त्यामागचं कारण मला समजतं. एवढ्या नेमक्या यंत्रकामाची क्षमता मर्यादित असते, आपला उत्तम भाग दुसऱ्याच्या मशीनवर जाण्यापेक्षा आपल्या मशीनवर जावा असं मालकाला वाटलं तर तो काही गुन्हा नाही. कारखाना चालू आहे, माणसं कामावर आहेत, दर्जाबद्दल कोणी वाईट बोलत नाही. तरीही माझ्या मते त्या दिवशी काहीतरी मोठं बंद झालं. साठ वर्षं जो भाग जगातल्या कोणत्याही कारागिराला विकत घेऊन स्वतःच्या कामात बसवता येत होता, तो आता एका घराच्या आतला अवयव झाला. मला या सगळ्या खरेदी-विक्रीत भीती वाटते ती एवढ्याचीच. नाव पुसलं जाण्याची नाही, आवाज बिघडण्याचीही नाही, कारण तो अनेकदा सुधारतोच.

आणि याच्या उलटही घडतं, ते सांगायलाच हवं. स्पीकर करणारी इंग्लंडची सेलेस्टियन १९२४ ची. हाँगकाँगच्या गोल्ड पीकने तिला केईएफ या दुसऱ्या स्पीकर कंपनीसोबत १९९२ मध्ये घेतलं. इतकी वर्षं झाली, इप्सविचचं सेलेस्टियन आजही सुटे स्पीकर करून जगाला विकतं, गिटारवाले अजून तेच शोधत येतात. इटलीतल्या फ्लॉरेन्सजवळच्या बी ॲंड सी स्पीकर्सने २०१७ मध्ये एटीन साऊंड घेतली, २०२२ मध्ये अमेरिकेच्या केंटकीतली एमिनन्स घेतली. ही तिन्ही घरं ड्रायव्हर, म्हणजे डब्याविना सुटे स्पीकर, करणारी आणि तेच विकणारी. विकत घेणाऱ्याचा धंदाच सुटा भाग विकण्याचा असेल तर तो भाग सुटाच राहतो. आमच्या गल्लीतला कोणीही हे एका वाक्यात सांगेल, त्याला अर्थशास्त्र लागत नाही.

विकणाऱ्यालाही मी दोष देऊ शकत नाही. यॉर्कशरच्या इल्क्ली गावात घराच्या तळघरात १९३२ साली गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी व्हार्फडेल सुरू केली आणि १९५८ मध्ये रँक या मोठ्या संस्थेला विकली. तळघरातून उभं केलेलं काम माणूस विकतो तेव्हा त्याचं वय झालेलं असतं, पुढची पिढी दुसरीकडे गेलेली असते, बँक दारात असते. २०११ च्या आसपास निओडायमियमचे भाव आभाळाला भिडले तेव्हा लोहचुंबकावर जगणाऱ्या लहान कारखान्यांनी काय रात्री काढल्या असतील याची कल्पना करता येते. आप्पांचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे. दुकान पुढे कोण बघणार हे मी त्यांना कधी विचारलेलं नाही. एकदा त्यांनी आपणच विषय काढला होता. म्हणाले, कोणी चांगला भेटला तर देऊन टाकीन, फक्त रिकोनिंग, म्हणजे नवा कोन-कॉइल बसवायचं काम, बंद करून मोबाईलची कव्हरं लावू नये त्याने.

मोठ्या कंपन्यांना ही अट कोण घालतं? विक्रीच्या कागदात नाव, पेटंट, इमारत, येणी-देणी सगळ्यांची कलमं असतात. पुढची पंधरा वर्षं डायफ्राम, कोन आणि कॉइल सुटी विकली जातील, असं एक कलम घालायला किती ओळी लागतात? केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं तेव्हा मला आशा वाटली होती, अजूनही आहे. पण फोन आणि फ्रिजइतका आवाज स्पीकरवाल्यांचा पोचत नाही. मांडव, बँड, तमाशा, कीर्तन, वही गायन यांच्यावर जगणारे हे लोक कागदावर कुठे धड मोजलेही जात नाहीत.

खान्देशातला आवाजाचा सगळा धंदाच सुट्या भागांवर उभा आहे. कंपनीचा तयार डबा घेणारे थोडे. बाकीचे अठरा इंची स्पीकर सुटा आणतात, ॲम्प्लिफायरची प्लेट कुठून तरी, हॉर्न कुठून तरी आणि डबा गावातल्या मिस्तरीकडून. पारोळ्याजवळच्या एका मिस्तरींकडे मी मध्यंतरी गेलो होतो. पूर्वी ते दारं-खिडक्या करायचे, आता वर्षाचे सहा महिने बेसचे डबे करतात. अंगणात अठरा एमएम प्लायच्या ताटांचे ढीग, भुश्श्यात पाय रुततो, फेव्हिकॉलच्या डब्यांना मुंग्या लागलेल्या. एका पोराने नव्याने आणलेला स्पीकर तिथे पडला होता. जुन्याच नावाचा, पण नव्या मालकाने केलेला. मिस्तरी त्याच्या कडेच्या बोल्टांवर टेप धरून बघत होते. भोकांचं अंतर जुन्या मापाशी जुळत नव्हतं, त्यांच्या आजवरच्या कुठल्याच डब्यात तो बसला नसता. पोरगा म्हणाला, मग तुम्ही डब्याचं माप बदला.

मिस्तरींनी मान हलवली. माप बदललं तर उद्या हा जळाल्यावर त्या डब्यात दुसरा कुठलाच बसायचा नाही, मग डबाही फुकट. त्यांनी भोक जुन्या मापाचंच पाडायचं ठरवलं आणि या स्पीकरसाठी वरून एक लोखंडी रिंग वेल्ड करून घ्यायला पोराला वर्कशॉपवर पाठवलं. तो निघताना मागून सांगितलं, "पुढला खेपले ज्याना कोन सुटा भेटस ना, तोच लई ये."